मथुराआत्या कामावर रुजू

शेजारच्या वीरप्पांचं म्हणणं असं, की दिवसभर शोधून ज्याला वस्तू सापडत नाही, त्यानं ती ठेवतानाच नीट ठेवलेली नसते. वीरप्पांचं उमरग्यात कापडाचं दुकान आहे आणि त्या दुकानाची किल्ली कुठं आहे हे त्यांना स्वतःला रोज सकाळी बायकोला विचारावं लागतं, पण ते असो. सल्ला देणाऱ्यानं तो पाळायचाही असतो, असं कुठं लिहिलेलं नाही.

हा सल्ला त्यांनी कुलदीपला दिला, कारण कुलदीप वरच्या खोलीत लॅपटॉपपुढं डोकं धरून बसलेला त्यांना गच्चीवरनं दिसला. कुलदीपची नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम उमरग्यातल्या घरातून. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचे. कुणी दवाखान्यासाठी लिहिलेला असतो, कुणी पतसंस्थेसाठी. लाख-लाख ओळींचा गठ्ठा यायचा आणि त्यात चोराला शिरायला कुठं भोक राहिलंय का, ते यानं हुडकायचं. त्याचे वडील आण्णासाहेब याला 'तपासणी' म्हणत. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा त्या शब्दाबद्दल त्यांच्या मनात आदर आणि थोडी भीती होती. त्यांची थोरली बहीण, मथुराआत्या, या कामाला 'निवडणं' म्हणायच्या. डाळीतले खडे निवडतात तसं. खरं सांगायचं तर आत्यांचाच शब्द जास्त बरोबर होता.

आता घरात बसून नोकरी म्हणजे चैन, असं गल्लीला वाटायचं. पण त्या चैनीच्या गळ्याशी सुरी होती. कुलदीपची बायको निकिता दातांची डॉक्टर. तिनं हमरस्त्यावर नुकताच दवाखाना टाकलेला, आणि दाढ दुखते म्हणून कण्हत थांबलेले ट्रकवाले आता परतीच्या फेरीला दुसऱ्या ट्रकवाल्याला धरून आणायला लागले होते. बस्तान बसत होतं. अशात कुलदीपच्या वरिष्ठ, राजनंदिनी मॅडम, यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दवाखान्यांच्या प्रोग्रामची ही तपासणी नीट पार पडली तर गावाकडनं काम चालू ठेव. काही निसटलं, तर मात्र पुण्यात येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं." म्हणजे निकिता उमरग्यात, हा पुण्यात, आणि संसार शिवशाही बसमध्ये.

तर अडचण अशी होती. लाख ओळी माणूस वाचत बसत नाही. कम्प्युटरला सांगायचं, बाबा, अशा अशा आकाराचा मजकूर कुठं आहे तेवढा काढून दे. हा आकार सांगायची एक सांकेतिक ओळ असते. कंस, तारे, आडव्या-तिरप्या रेघा, प्रश्नचिन्हं. मथुराआत्यांनी एकदा ती ओळ पडद्यावर बघून विचारलं होतं, "कुनी शिव्या लिवल्यात व्हय रं?" अशा ओळी कुलदीप दर वेळेला नव्यानं टाइप करायचा. एक रेघ राहिली, की सगळं मुसळ केरात. म्हणून त्यानं ठरवलं, की प्रत्येक ओळ एकदाच नीट लिहायची, तिला एक छोटं नाव देऊन जपून ठेवायची, आणि पुढच्या वेळी फक्त नाव टाइप करायचं. बास. एवढीशी गोष्ट. पण जगातली मोठी लफडी एवढ्याशाच गोष्टीतनं निघतात.

त्यानं नावं दिली ती अशी: शोध, शोध नवा, शोध नवा खरा, आणि शोध खरा शेवटचा. आठवडा गेला, आणि कुठला शोध काय शोधतो हे शोधायची वेळ आली. म्हणून तर तो डोकं धरून बसला होता.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन वर आल्या.

"काय करायलास रं?"

"नाव ठेवायलोय, आत्या. सुचंना झालंय."

आत्यांच्या हातातला कप जागच्या जागी थांबला. त्यांनी आधी कुलदीपकडं बघितलं, मग खाली निकिता जिथं दवाखान्याला निघायच्या गडबडीत होती त्या दिशेला बघितलं, आणि चेहऱ्यावर असं काही चांदणं पसरलं की कुलदीपला घाईघाईनं सांगावं लागलं, "तसलं काही नाही, आत्या! कम्प्युटरमधल्या ओळींना नावं द्यायचीत."

चांदणं मावळलं. पण आत्या गेल्या नाहीत. कप ठेवून पदर खोचून त्या पलंगावर बसल्या. "मंग तू कोन ठिवनार? नाव ठिवायचा मान आत्याचा. तुझं कुनी ठिवलं? म्या. रणधीरचं कुनी? म्याच. सांग, ह्यातलं लेकरू कोन कसल्या गुनाचं हाय."

हे अगदी खरं होतं. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. मथुराआत्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या, आणि भावकीतल्या झाडून सगळ्या पाळण्यांवर त्यांनीच नावं ठेवली. तरी गल्लीतल्या बायका मागनं म्हणायच्याच, "मथुराबाईचं नाव घ्यायला मागं कुनी न्हाय." आत्यांच्या कानावर ते कधी आलं नसेल असं समजायचं कारण नाही, कारण आत्यांच्या कानावर येत नाही असं उमरग्यात काही घडतच नाही.

कुलदीपनं हसत हसत पहिली ओळ समजावली. "ही जी आहे, ती बाहेरनं आलेला मजकूर न तपासता थेट आत घेतलाय का, ते हुडकते."

"रणधीर," आत्या म्हणाल्या. विचारसुद्धा केला नाही. आणि बरोबरच होतं. चुलतभाऊ रणधीर जत्रेत भेटलेला, ओळख ना पाळख असा माणूस घरी जेवायला आणतो, आणि वाढताना त्याचं नाव विचारतो.

"ही उघडी राहिलेली दारं हुडकते."

"वीरप्पा. त्यांच्या फाटकाला कडी हाय ह्ये त्येन्ला म्हाईत तरी हाय का?"

"आणि ही, 'हे नंतर करू' असं लिहून सोडून दिलेली कामं काढते."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. खालच्या मोरीतला नळ तीन दिवाळ्यांपासून ठिबकत होता, आणि आण्णासाहेब तेव्हापासून म्हणत होते, "करू की निवांत." तिचं नाव आण्णा पडलं.

"आता ही शेवटची. कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड हो, कुणी उघड्यावर ठेवला असेल तर ही तो काढते."

आत्या ताठ झाल्या. "ह्ये माझं काम."

यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. कुणाची किल्ली तुळशीच्या कुंडीत, कुणाची चौकटीवर, कुणाची पायपुसण्याखाली, हे मथुराआत्यांना रस्त्यानं नुसतं जाता जाता कळायचं. गल्लीतली माणसं घराबाहेर अडकली की कुलूपवाल्याकडं जायच्या आधी आत्यांकडं येत.

कुलदीपनं ते नाव देऊन ओळ जपून ठेवली आणि म्हणाला, "आता बघा हां." जुन्या एका प्रोग्रामवर त्यानं टाइप केलं: मथुरा. आणि एक बटण दाबलं.

आत्यांनी श्वास रोखला. लाख ओळी! निवडायला घेतल्या तर एका माणसाचा जन्म सरावा. आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर लाल अक्षरांत किल्ल्या बाहेर पडायला लागल्या, एकीखाली एक, एकीखाली एक, थांबेनातच.

"अगं माय माय माय," आत्या पुटपुटल्या. "एवढं समदं म्या काढलं?"

"तुम्हीच."

त्यांनी पडद्याला नमस्कार केला. पण खरा थक्क झाला तो कुलदीप. चार नावांत त्याचा आठवड्याभराचा गोंधळ मिटला होता. आता विसरायची सोयच राहिली नाही. रणधीर काय करतो हे कोण विसरेल? लहानपणापासून ज्यांच्या अंगाखांद्यावर आपण खेळलो ती माणसं एकेक अशी चाळणी आहेत, प्रत्येकीची भोकं वेगळी, हे त्याला आजवर कधी दिसलंच नव्हतं. दुपारपर्यंत गल्ली बघायला आली. वीरप्पांनी "अय्यो शिवने!" म्हणत चपला बाहेर काढल्या, आणि जो तो मथुरा पुन्हा पळवून दाखव म्हणू लागला.

इथवर सगळं देवाच्या दयेनं ठीक चाललं होतं. चूक झाली ती पुढं. कुलदीपनं हौसेनं ही नावं राजनंदिनी मॅडमना दाखवली, मॅडमना ती आवडली, आणि त्यांनी ती कंपनीच्या नियम विभागाकडं पाठवली. प्रत्येक मोठ्या कंपनीत असा एक विभाग असतो, आणि चालत्या गाडीला खीळ घालायचा पगार त्याला मिळतो. नियम विभागानं कळवलं, की ही जिवंत व्यक्तींची नावं आहेत. तेव्हा प्रत्येक व्यक्तीला, तिचं नाव कशासाठी वापरलं जाणार आहे ते समक्ष वाचून दाखवून, तिची तोंडी संमती घेणं आवश्यक आहे. समक्ष म्हणजे व्हिडिओवर.

संमतीच्या दिवशी सकाळी घराचं लग्नघर झालं होतं. आण्णासाहेबांनी निवृत्तीच्या निरोप समारंभातला कोट काढला. आत्या इरकली लुगडं नेसून बसल्या. वीरप्पा कपाळाला भस्म लावून, खांद्यावर स्वतःच्या दुकानातली नवी कोरी शाल टाकून आले. तिची किंमत लावलेली चिठ्ठी तशीच लोंबत होती. पडद्यावर नियम विभागाचे साहेब उगवले. चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ.

आत्यांचं झालं. रणधीर फोनवर होता, तो म्हणाला, "टाका की नाव, पाहुण्यानंच घर शोभतं." वीरप्पांना 'उघडी राहिलेली दारे' ऐकून क्षणभर झोंबलं, पण नावासोबत दुकानाचं नावही टाकणार असाल तर हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग साहेबांनी घसा खाकरला.

"श्री. आण्णासाहेब. आपल्या नावाचा वापर, 'नंतर करू असे सांगून पुढे ढकललेली व कधीही न केलेली कामे' शोधण्यासाठी होणार आहे. आपली संमती आहे का?"

खोलीत सुई पडली तरी ऐकू आली असती. मोरीतला नळ तर ऐकू आलाच. आण्णासाहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं, खालचं लावलं, आणि सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "बघून सांगतो. नंतर."

निकिता खोलीबाहेर पळाली. तिच्या हसण्याचा आवाज जिन्यातनं आला.

आण्णासाहेब रुसले. जेवण दोन्ही वेळचं यथास्थित, पण बोलणं बंद. आणि त्याहून भयंकर म्हणजे त्यांनी सगळी राहिलेली कामं एकदम हातात घेतली. माणसानं कामं टाळावीत ती घराच्या भल्यासाठीच, हे कुलदीपला त्या दोन दिवसांत पटलं. त्यांनी नळ खोलला, तो ठिबकायचा थांबला आणि वाहायला लागला. फाटकाची बिजागरी बसवायला फाटक काढलं, तर रस्त्यावरची एक म्हैस येऊन अंगणातल्या वाळत घातलेल्या पापडांवर उभी राहिली. मग ते शिडीवर चढले आणि कधीपासून लोंबणारी एक वायर त्यांनी कापून टाकली. ती इंटरनेटची होती. ग्राहकासोबतची शेवटची मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि घरात इंटरनेट नाही, नळाला तोटी नाही, दाराला फाटक नाही. वीरप्पा गच्चीवरनं म्हणाले, "आता दार कुनाचं उघडं हाय, सांगा." त्यांना फार बरं वाटत होतं.

कुलदीप हात जोडून वडिलांपुढं उभा राहिला. "आण्णा, काय पाहिजे ते सांगा, पण शिडीवरनं उतरा."

आण्णासाहेब वरनंच म्हणाले, "कचेरीत जन्म घातला मी. माझ्या नावाला काहीतरी जबाबदारीचं काम असावं. किल्ल्यांचं, उदाहरणार्थ."

कुलदीपनं आत्यांकडं बघितलं. आत्या पापड गोळा करत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "दे त्याला माझं. ल्हान हाय तो." आण्णासाहेब सत्तरीला टेकले होते. "मी बसते त्याच्या नंतरवर. मला कुटं लांब जायचंय?" आणि हसल्या. पण पापडांची परात उचलून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सकाळी वायरमन खांबावर असतानाच कुलदीपनं घाईघाईत दोन नावांची अदलाबदल करून टाकली. आता 'आण्णा' म्हटलं की किल्ल्या, आणि 'मथुरा' म्हटलं की राहिलेली कामं. इंटरनेट परत आलं तसं आण्णासाहेबांनी नियम विभागाला अशा खणखणीत आवाजात संमती दिली, की साहेबांची रेघ पहिल्यांदाच हलली.

आणि लगेच मीटिंग सुरू झाली. पडद्यावर राजनंदिनी मॅडम, दवाखान्यांच्या प्रोग्रामवाले दोन साहेब, आणि इकडं घामाघूम कुलदीप. आत्या मागं कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं. दाराआड आण्णासाहेब कोट घालून उभे, आपली पाळी कधी येते याची वाट बघत.

कुलदीपनं रणधीरला सोडलं. थोडं सापडलं. वीरप्पाला सोडलं, दोन दारं उघडी निघाली. आता किल्ल्या. कुलदीपच्या बोटांना मघाची अदलाबदल काय ठाऊक? जन्मभर या घरात लपवलेलं काही हुडकायचं म्हटलं की एकच हाक मारलेली. बोटांनी टाइप केलं: मथुरा.

पडदा कोरा. एक अक्षर नाही.

कुठनं असणार? कोड धाडण्याआधी त्या साहेबांनी त्यातल्या 'नंतर करू'च्या सगळ्या टिपा झाडून पुसून काढलेल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबतात, तसं. पण कुलदीपच्या ते डोक्यातही आलं नाही. त्याला वाटलं, किल्ल्याच नाहीत.

"म्हटलं नव्हतं?" एक साहेब मिशीत हसले. "आमचं सगळं बंदोबस्तात असतं."

"मग अहवालात लिहू मी?" राजनंदिनी मॅडमनी विचारलं. "एकही पासवर्ड उघड्यावर नाही. कुलदीप, नक्की? हे लिहिलं की जबाबदारी तुझी."

"नक्की मॅडम. मथुराला काहीही सापड..."

"काय म्हनलास?"

शेंगांचं सूप बाजूला झालं. आत्या उठल्या होत्या.

"आत्या, मीटिंग चालू आहे."

"मीटिंग गेली खड्ड्यात! मथुराला सापडलं न्हाय म्हनायलास? आरं, मथुरा त्या कामावर हाय कुटं सकाळपासनं? तूच न्हवं का काढून आन्नाला दिलंस? माझ्या काळजाला लागलं म्हनून मला ध्येनात हाय. तू इसरलास, तुझं काय गेलं होतं?"

कुलदीप झटकन पडद्याकडं वळला. त्यानं टाइप केलं: आण्णा.

आणि मग जे झालं ते बघून खोलीत आणि पुण्यात कुणाचा श्वास चालेना. किल्ल्या. लाल अक्षरांत, रांगाच्या रांगा. दवाखान्यादवाखान्यांच्या तिजोऱ्यांची कुलपं, आणि प्रत्येकीमागं हजारो आजारी माणसांची दुखणी, पत्ते, फोन, सगळं उघड्यावर, पायपुसण्याखाली. एवढा मोठा प्रोग्राम, एवढी शिकलेली माणसं, आणि एका शब्दासरशी पृथ्वीच्या पोटातनं निघावं तसं सगळं वर आलं. मिशीवाले साहेब उठून कुठंतरी पळाले. त्यांची रिकामी खुर्ची पडद्यावर गोल गोल फिरत राहिली.

राजनंदिनी मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "कुलदीप, त्या मागं उभ्या आहेत त्या कोण?"

"मथुरा," कुलदीप म्हणाला. "म्हणजे, आमच्या आत्या."

मॅडमनी पडद्यावरनं हात जोडले. "आत्या, तुम्ही कामावर परत कधी रुजू होणार?"

आत्या लाजल्या. पदर सावरत त्या दाराकडं बघायला लागल्या. तेव्हा दार ढकलून आण्णासाहेब आत आले. त्यांनी पडदा बघितला होता. आपल्या नावाखाली सांडलेला तो ढीग बघून त्यांचे डोळे विस्फारले होते, आणि आपण काढलेलं नाही हेही त्यांना कळत होतं.

"आत्ता," ते म्हणाले. "आक्काचं काम आक्काला. मी माझ्या जाग्यावर जातो." मग कुलदीपकडं वळून म्हणाले, "बदल की लवकर. नंतर कशाला?"

घरात आजवर त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. आत्यांनी भावाच्या कोटावरची नसलेली धूळ झटकली.

कुलदीपचं उमरगा पक्कं झालं. निकितानं त्या आनंदात एका ट्रकवाल्याची दाढ फुकट काढली. महिना सरता सरता मॅडमचा निरोप आला, की ती चारही नावं आता सगळ्या कंपनीला दिलीत. कुलदीपनं वर बोलावून आत्यांना सांगितलं, "आत्या, पुण्यात, बंगळुरूत, कुठं कुठं माणसं बसलीत आमची. तपासायला कामं आली की रोज सगळी आधी तुमचंच नाव घेतात."

आत्या खिडकीशी उभ्या होत्या. "रोज?"

"रोज."

"मी नसले तरीबी?"

"नसलात तरी. त्यांना तुमचंच नाव पाठ आहे आता."

आत्यांनी खाली गल्लीकडं बघितलं, जिथं बायका दारात बसल्या होत्या. डोळ्यांतनं पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, येऊ दिलं. मग आवाज कडक करून म्हणाल्या, "ज्येला ज्येला दिलंस त्येला सांगून ठिव. रिकाम्या हातानं परत यायचं न्हाय म्हनावं. माझं नाव हाय त्ये."

तेवढ्यात पलीकडनं वीरप्पांची हाक आली, "अगं, दुकानाची किल्ली बघितलीस का?" आत्यांनी तिकडं मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही.

"स्कूटरच्या डिकीला लटकायलीय!" त्या ओरडल्या, आणि शेंगा सोलायला खाली गेल्या.